गावातून हवेत जाणाऱ्या हायड्रोकार्बनचा हिशेब कसा मांडावा

गोबरगॅसमधला मिथेन, सिलिंडरमधले प्रोपेन आणि ब्युटेन, पेट्रोलची वाफ, केळी पिकवायला वापरतात ते इथिलीन, सरकी-सोयाबीनचे तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लँटमधला हेक्झेन हे सगळे हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांचीच संयुगे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ती रोज हवेत जातात. गावापुरता त्यांचा हिशेब एखादा शेतकरी गट, ग्रामपंचायत किंवा शाळेतली विज्ञानाची मुले महिनाभरात करू शकतात. त्यासाठी वही, वजनकाटा, कॅल्क्युलेटर आणि गावातल्या चार-पाच कचेऱ्यांतून मिळणारे आकडे पुरतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा: वहीत खाती दोन ठेवायची. एका खात्यात फक्त मिथेन आणि दुसऱ्यात बाकीचे सगळे. दोन्हींची बेरीज करू नका. सगळे हायड्रोकार्बन एकत्र मोजून एकच आकडा काढला की हिशेब निरुपयोगी होतो, कारण ही दोन खाती हवेत वेगवेगळी कामे करतात आणि त्यांच्यावरचे उपायही वेगळे असतात.

दोन खाती का

हवेत हायड्रॉक्सिल नावाचा एक अत्यंत अल्पायुषी रेणू सूर्यप्रकाशात सतत तयार होत असतो. बहुतेक हायड्रोकार्बन त्याच्या तावडीत सापडून संपतात. कोण किती वेगाने संपतो, त्यावर सगळे अवलंबून आहे. झाडांतून निघणारे आयसोप्रीन भर उन्हात तास-दोन तासांत संपते. इथिलीनला एक-दोन दिवस लागतात, टोल्युइनला साधारण दोन दिवस, बेंझीनला दहा-बारा, इथेनला दोन महिने. मिथेन मात्र सुमारे ९ वर्षे टिकतो.

९ वर्षांत वारा मिथेनला पृथ्वीभर नेतो. यावल तालुक्यातल्या गोठ्यातला मिथेन आणि टेक्सासच्या तेलविहिरीतून निसटलेला मिथेन शेवटी एकाच हंड्यात पडतात. औद्योगिक काळाआधी हवेत तो ७२० ते ७३० पीपीबी (हवेच्या एक अब्ज भागांत तितके भाग) होता, आता १९०० पीपीबीच्या वर गेला आहे. शंभर वर्षांच्या मापाने एक किलो मिथेन २७ ते ३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. वीस वर्षांच्या मापाने हा आकडा ८० च्या आसपास जातो. म्हणून पहिल्या खात्याचा परिणाम जगावर होतो आणि तो वर्षानुवर्षे चालतो.

दुसऱ्या खात्यातली मंडळी इतकी टिकत नाहीत, पण संपता संपता आपल्याच शिवारात ओझोन करून जातात. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि ऊन. हायड्रोकार्बन फुटले की त्याचे तुकडे नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजन डायऑक्साइड करतात. ऊन त्या डायऑक्साइडमधला ऑक्सिजनचा एक अणू तोडते आणि तो अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटून ओझोन होतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागे हीच साखळी आहे, हे शास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले. खान्देशात नायट्रोजनची ऑक्साइडे महामार्गांवरचे ट्रक आणि दीपनगरसारखे कोळशावरचे वीज केंद्र पुरवतात, आणि ऊन तर मार्च ते मे इतके असते की काही विचारू नका. हायड्रोकार्बन गावातून येतात.

जमिनीलगतचा ओझोन डोळे आणि छाती तर जाळतोच, पण पिकांचेही नुकसान करतो. तो पानाच्या रंध्रांतून आत शिरतो आणि हरितद्रव्य जाळतो. गहू, सोयाबीन आणि कापूस ही पिके त्याला चांगलीच संवेदनशील आहेत. भारतीय मानकाप्रमाणे ओझोन आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आणि एका तासात १८० च्या वर जाऊ नये.

जगाचा ताळा आधी डोळ्यासमोर ठेवा

जगात दरवर्षी सुमारे ५७ ते ६० कोटी टन मिथेन हवेत जातो आणि त्यातला ६० टक्क्यांहून थोडा जास्त माणसाच्या कामांतून येतो. गुरेढोरे मिळून साधारण ११ कोटी टन, कोळसा-तेल-वायू सुमारे १२ कोटी, कचरा आणि सांडपाणी साडेसहा-सात कोटी, भातशेती ३ कोटींच्या आसपास. नैसर्गिक स्रोतांत पाणथळ जागा सगळ्यांत मोठ्या, १५ कोटींच्या वर.

दुसऱ्या खात्यात चित्र उलटे आहे. तिथे माणसापेक्षा झाडे कितीतरी पुढे आहेत. जगभरच्या वनस्पती एकटे आयसोप्रीनच वर्षाला ५० कोटी टनांच्या आसपास सोडतात. निलगिरी त्यातली नावाजलेली. म्हणून झाडे तोडायची असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आयसोप्रीनपासून त्रासदायक ओझोन होण्यासाठी नायट्रोजनची ऑक्साइडे लागतात आणि ती धुराड्यांतून येतात. सातपुड्याच्या आतल्या रानात, जिथे ही ऑक्साइडे फार कमी असतात, तिथे तेच आयसोप्रीन उलट थोडा ओझोन खाऊन टाकते. झाडांचा आकडा गावाच्या वहीत घेऊ नका, कारण आपल्याला बदलता येईल तेवढेच आपण मोजत आहोत.

आकडे कुठून आणायचे

जनावरांची संख्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. पशुगणनेतला आकडा जुना असतो, म्हणून लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाची ताजी यादी मागा. देशी गाई, संकरित गाई, म्हशी, बैल, वासरे, शेळ्या-मेंढ्या वेगवेगळ्या लिहा. "जनावरे ४५०" अशी ओळ काही कामाची नाही. पिकांचे क्षेत्र तलाठ्याकडे ई-पीक पाहणीत मिळते. शौचालयांची यादी ग्रामसेवकाकडे असते. सेप्टिक टँक किती आणि दोन शोषखड्ड्यांची किती, एवढे त्यातून वेगळे काढा. किती घरांत चूल पेटते हे मात्र घरोघर जाऊनच विचारावे लागते. सिलिंडर आहे म्हणून चूल नाही असे धरले की हमखास चूक होते. भाकरी आणि अंघोळीचे पाणी अनेक घरांत अजून चुलीवरच होते.

सरपण अंदाजाने लिहू नका. दहा घरे निवडा, सकाळी मोळी किंवा गोवऱ्यांचा ढीग काट्यावर तोला, दुसऱ्या सकाळी उरलेले तोला. सलग तीन दिवस हे करून सरासरी घ्या. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात एकेकदा केले तर आणखी चांगले, कारण पाणी तापवायला थंडीत जास्त जळण लागते.

पहिले खाते: मिथेन

प्रत्येक स्रोताची संख्या त्याच्या गुणांकाने, म्हणजे एका नगामागे किती मिथेन निघतो त्या आकड्याने, गुणायची. भारताच्या राष्ट्रीय हिशेबात वापरलेले गुणांक साधारण असे आहेत. रवंथातून दर वर्षी दुभती देशी गाय २८ किलो, संकरित गाय ४३, म्हैस ५०, मोठा बैल ३२, शेळी-मेंढी ४. वर्षाच्या आतले वासरू किंवा रेडकू ८ ते ११, एक ते तीन वर्षांचे २२ ते २६. हा मिथेन जनावराच्या तोंडावाटे ढेकरांतून जातो. तो मागच्या बाजूने जातो हा गैरसमज फार पसरलेला आहे, पण तिथून तो फारसा जात नाही. शेणातून निघणारा मिथेन वेगळा धरायचा: गायीला साडेतीन किलो, म्हशीला साडेचारच्या आसपास, बैलाला तीन.

सेप्टिक टँकसाठी माणशी हिशेब करा. भारतात एका माणसाच्या मैल्यातला सडणारा भार दिवसाला सुमारे ३४ ग्रॅम धरतात. त्याला ३६५ ने गुणा, मग ०.६ ने, कारण एक ग्रॅम भारापासून जास्तीत जास्त तेवढा मिथेन होतो, आणि शेवटी ०.५ ने, कारण टाकीत साधारण अर्धा भारच तळाशी बसून हवेविना सडतो. उत्तर येते वर्षाला माणशी ३.७ किलो. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात, भूजल खड्ड्याच्या बरेच खाली असेल तर, ०.५ ऐवजी ०.१ धरा, म्हणजे पाऊण किलो. एवढा फरक पडतो, कारण शोषखड्ड्यात पाणी जमिनीत मुरते आणि मैला बराच कोरडा राहतो.

चुलीत एक किलो लाकडामागे साडेचार-पाच ग्रॅम मिथेन निघतो. शेतात जाळलेल्या काडीकचऱ्यात किलोमागे २.७ ग्रॅम. नवापूरकडे भात असेल तर तोही घ्या: पावसावरचा, मधे मधे कोरडा पडणारा भात हेक्टरी एका हंगामात साधारण ६६ किलो आणि सतत पाणी साचवलेला १६० च्या आसपास. खाचर मधे एकदा-दोनदा सुकू दिले की मिथेन का घटतो, ते या दोन आकड्यांतच आहे.

आता एक नमुना गाव घेऊ. लोकसंख्या २०००. देशी गाई १५०, संकरित १००, म्हशी २००, बैल १००, शेळ्या ६००. वासरे सोडून रवंथाचा आकडा असा: ४२०० अधिक ४३०० अधिक १०,००० अधिक ३२०० अधिक २४००, म्हणजे २४,१०० किलो. शेण साधारण २ टन. निम्म्या लोकांकडे सेप्टिक टँक आणि निम्म्यांकडे शोषखड्डे असतील तर ३.७ टन अधिक ०.७५ टन. १५० घरांत रोज ५ किलो सरपण जळत असेल तर १.३ टन. हजार एकर कपाशीतून एकरी १ टन वाळलेली पऱ्हाटी निघाली, त्यातली निम्मी पेटवली आणि पेटवल्यापैकी ९० टक्के जळली, तर १.२ टन. सगळे मिळून वर्षाला ३३ टन, त्यातला जवळजवळ पाऊण वाटा रवंथाचा.

जगाच्या ताळ्यात गुरांचा वाटा माणसाच्या मिथेनपैकी तिसऱ्या हिश्शाइतकाही नाही, मग गावात पाऊण कसा? कारण गावात कोळशाची खाण किंवा तेलविहीर नाही. आपण जाळतो त्या डिझेलचा, सिलिंडरचा आणि विजेच्या कोळशाचा गळका मिथेन खाणीजवळ, विहिरीजवळ हवेत गेलेला असतो. तो गावाच्या वहीत येत नाही, पण वहीत तळाशी तसे लिहून ठेवा, नाहीतर सगळा दोष म्हशीच्या माथी बसतो.

दुसरे खाते: इथेच ओझोन करणारे

या खात्यात लोकांचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकतो. विचारले की पहिले बोट पेट्रोल पंपाकडे जाते. हिशेब करून पाहा. टाकीत पेट्रोल ओतताना आतली वाफ बाहेर ढकलली जाते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा जुना गुणांक वाफेसाठी लिटरला १.३२ ग्रॅम आणि सांडण्यासाठी ०.०८, म्हणजे मिळून १.४ ग्रॅम. ३०० मोटारसायकली महिन्याला १० लिटर पेट्रोल घेत असतील तर वर्षाला ३६,००० लिटर आणि वाफ सुमारे ५० किलो. जळगावच्या मे महिन्यात हा आकडा वाढतो. दीडपट झाला तरी ७५ किलोच.

आता पाठीवरचे पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप धरा. बरेचसे टू-स्ट्रोक आहेत. टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत येतानाच धुराच्या वाटेने बाहेरही जाते आणि २५ टक्के किंवा त्याहून जास्त इंधन न जळताच निसटते. गावात असे १०० पंप असतील आणि प्रत्येकाने वर्षाला ४० लिटर जाळले, तर ४००० लिटर, वजनाने जवळजवळ ३ टन. त्याचा चौथा हिस्सा ७४० किलो. म्हणजे सगळ्या गावाच्या मोटारसायकलींत पेट्रोल भरताना जाते त्याच्या चौदा-पंधरा पट, आणि तेही फवारणाऱ्याच्या नाकाशी.

कीटकनाशकातले सॉल्व्हंट, म्हणजे औषध ज्यात विरघळवलेले असते तो द्रव, कोणी मोजत नाही. बाटलीवर "२० ईसी" लिहिले असेल तर औषध २० टक्के. उरलेल्यात थोडे इमल्सीफायर आणि बराचसा भाग झायलीनसारख्या सुगंधी हायड्रोकार्बनचा. पाण्यात टाकल्यावर दूध होते ते यामुळेच. कपाशीला एकरी हंगामात १ लिटर ईसी औषध गेले तर हजार एकरांतून ६०० किलोच्या आसपास सॉल्व्हंट हवेत जाते. तेच औषध पाण्यात विरघळणाऱ्या भुकटीत किंवा पाण्यावर आधारित एससी (सस्पेन्शन कॉन्सन्ट्रेट) प्रकारात मिळत असेल तर ते घ्या. कीड मारायचे काम औषध करते, सॉल्व्हंट नाही.

जाळलेल्या पऱ्हाटीतून किलोमागे ७ ग्रॅम मिथेनेतर हायड्रोकार्बन निघतात. वरच्या गावात ४५० टन जळले, म्हणजे ३ टनांहून थोडे जास्त. चुलीत किलोमागे सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे अडीच टन. या खात्यातल्या या दोन सर्वांत मोठ्या ओळी आहेत.

मोटारसायकलींचा धूर मोजायला गाडीचे वर्ष लागते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीला किलोमीटरला ०.१ ग्रॅम हायड्रोकार्बनची मर्यादा आहे. वर्षाला ५४०० किलोमीटर धावणाऱ्या ३०० गाड्या सगळ्या बीएस-६ असल्या तर १६० किलो. जुन्या गाड्या जितक्या जास्त तितका आकडा वर जातो.

केळी पिकवण्याच्या चेंबरबद्दल रावेर-यावल पट्ट्यात नेहमी विचारणा होते. ६० घनमीटरच्या चेंबरमध्ये १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) इथिलीन भरले तर ते फक्त ६ लिटर, वजनाने ७ ग्रॅम. मोटारसायकलीत ५ लिटर पेट्रोल भरताना जाते तितकेच. ही ओळ वहीत न लिहिली तरी चालेल. कॅल्शियम कार्बाइडने पिकवण्यावर बंदी आहे, ती त्यातल्या विषारी भेसळीमुळे.

सॉल्व्हंट प्लँट गावाच्या हद्दीत असेल तर मात्र तो सोडू नका. युरोपात सोयाबीनच्या टनामागे हेक्झेनची गळती ०.८ किलोपेक्षा जास्त चालत नाही. प्लँटने वर्षभरात किती टन माल गाळला आणि किती किलो हेक्झेन नव्याने विकत घेतले, एवढे दोन आकडे विचारा. विकत घेतलेले हेक्झेन म्हणजेच हरवलेले हेक्झेन. त्यातले थोडे पेंडीत आणि तेलात जाते, बाकीचे हवेत.

गोबरगॅस: सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती

२ घनमीटरच्या प्लँटला रोज सुमारे ५० किलो ताजे शेण आणि तितकेच पाणी लागते. एक किलो शेणातून ४० लिटर गॅस मिळतो आणि त्यात साधारण ६० टक्के मिथेन असतो. गॅस जळला तर मिथेन संपतो. न जळता सुटला तर? रोजच्या २ घनमीटरमधला १० टक्के गळाला तर ०.२ घनमीटर गॅस, म्हणजे ८० ग्रॅम मिथेन, वर्षाला २९ किलो. गोठ्यात न दिसणारी एक देशी गाय जास्तीची बांधल्यासारखे झाले.

तरंगत्या ड्रमच्या प्लँटची तपासणी दोन रात्रींत होते. पहिल्या संध्याकाळी गॅस वापरून ड्रम खाली आणा, ड्रमवरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि ड्रमवर स्लरीच्या पातळीला खडूने रेघ मारा. सकाळी ड्रम किती वर आला ते मोजा. दुसऱ्या संध्याकाळी तेवढ्याच पातळीवरून सुरुवात करा, पण मुख्य व्हॉल्व्ह उघडा ठेवून फक्त शेगडीजवळचा बंद करा. दुसऱ्या सकाळी ड्रम कमी चढला असेल तर जितका फरक तितकी पाइपलाइनची गळती. ड्रमचा व्यास १.२५ मीटर असेल तर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे १२ लिटर गॅस. दोन्ही रात्री शेणाचे वजन आणि वेळ सारखी ठेवा. एका रात्री थंडी जास्त असेल तर चाचणी पुन्हा करा, कारण जिवाणू गारठ्यात मंद होतात.

फरक दिसला की साबणाचा दाट फेस ब्रशने सांध्यांवर लावा. फुगा धरेल तिथे गळती. बहुधा ती तीन जागी सापडते: ड्रमपासून निघणाऱ्या रबरी नळीच्या क्लिपला, पाणी काढायच्या तोटीला आणि शेगडीच्या कॉकला. खान्देशच्या उन्हात रबरी नळी दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते. वाकवून पाहिले की भेगा दिसतात. काडी पेटवून गळती शोधू नका. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की भडका होतो. खड्डा किंवा टाकी साफ करायला आत उतरू नका. आत हायड्रोजन सल्फाइड असतो आणि ऑक्सिजन नसतो. माणूस हाक मारायच्या आत कोसळतो आणि मागून उतरणाराही जातो.

पक्क्या घुमटाच्या, दीनबंधू प्रकारच्या प्लँटला दाब दाखवणारी पाण्याची यू-नळी लावा. रात्रभर गॅस न वापरता दाब वाढला पाहिजे, निदान टिकला पाहिजे. उतरला तर घुमटाला बारीक चीर आहे किंवा वरच्या पाइपच्या बुडाशी सिमेंट सुटले आहे.

सांध्यांच्या गळतीपेक्षाही जास्त मिथेन न वापरलेल्या गॅसातून जातो. घरची मंडळी लग्नाला आठ दिवस गेली, सिलिंडर मिळाला म्हणून शेगडी बंद पडली, तर ड्रम वर टेकतो आणि पुढचा सगळा गॅस कडेने बुडबुडे होऊन सुटतो. शेण टाकणे थांबवले तरी आतले शेण दोन-तीन आठवडे गॅस देतच राहते. अशा वेळी शेजाऱ्याला शेगडी वापरू द्या, नाहीतर रोज ड्रम खाली येईपर्यंत बर्नर तसाच पेटवून ठेवा. गॅस वाया गेल्याची हळहळ वाटते, पण हवेच्या हिशेबात जळालेला गॅसच बरा.

उन्हाळ्यात पाणी कमी पडते म्हणून घट्ट शेण टाकले जाते. मग वर जाड साय धरते, गॅस खाली अडकतो आणि स्लरीच्या तोंडातून बाहेर पडतो. कपडे विसळलेले, साबण कमी असलेले पाणी चालते, पण डिटर्जंटचे पहिले पाणी टाकू नका. ड्रम रोज दोन-चार वेळा गोल फिरवला की साय मोडते.

पऱ्हाटी आणि रवंथ

पऱ्हाटी लवकर उपटून रान मोकळे करा, हा गुलाबी बोंडअळीसाठीचा सल्ला बरोबरच आहे. चूक होते ती बांधावर पेटवण्यात. श्रेडरने दोन ते पाच सेंटीमीटरचे तुकडे करा. टनामागे १०० किलो शेण पाण्यात कालवून ते आणि ५ ते १० किलो युरिया थराथराने घाला, कारण पऱ्हाटीत नत्र कमी असते आणि नुसती ठेवली तर ती वर्षभर तशीच पडून राहते. ओल इतकी ठेवा की मूठ आवळली तर हाताला पाणी लागेल, पण थेंब गळणार नाही. ढीग दीड मीटरपेक्षा उंच करू नका आणि पंधरा दिवसांनी एकदा उलटा. उंच आणि न उलटलेल्या ढिगात मधोमध हवा पोचत नाही आणि तिथे मिथेन तयार होतो, म्हणजे दुसऱ्या खात्यातले ओझे पहिल्या खात्यात ढकलल्यासारखे होते. ढिगात हात घालता येणार नाही इतकी उष्णता आली पाहिजे. त्यात बोंडअळीचे कोषही मरतात. दोन-तीन महिन्यांत खत होते. पांढऱ्या कोळशाचा (शेतकचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांचा) कारखाना ३०-४० किलोमीटरच्या आत असेल तर तुकडे विकणे सोपे पडते, त्यापुढे वाहतूकच खाऊन जाते.

जाळण्याचा आणखी एक तोटा वहीत दिसत नाही. ४५० टन पऱ्हाटीतून ४० टनांहून जास्त कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो हायड्रोकार्बन नसला तरी हवेतला हायड्रॉक्सिल खातो, आणि मग मिथेन संपायला तितका कमी उरतो.

रवंथातला मिथेन सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत हट्टी. नुसत्या कडब्यावरच्या जनावरात चाऱ्याच्या किलोमागे मिथेन जास्त होतो. कडबा कुट्टी करून, हिरवा चारा आणि खनिज मिश्रण देऊन दूध वाढले तर दर लिटरमागे मिथेन कमी होतो: वेताला १५०० लिटर देणाऱ्या म्हशीचा लिटरला ३३ ग्रॅम, २००० लिटर देणारीचा २५. सरकी पेंडीतल्या तेलानेही मिथेन दबतो, पण एकूण आहारात स्निग्धांश ६ टक्क्यांच्या वर गेला तर चारा पचेनासा होतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या बंगळूरच्या संस्थेने 'हरित धारा' हे पूरक तयार केले आहे, त्याने १७ ते २० टक्के घट मिळते.

ओझोन आला का, ते कागदावर पाहा

शाळेत करता येईल अशी पट्टी: १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर ढवळत तापवा, खळ पारदर्शक झाली की आचेवरून उतरवून १ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड मिसळा. गार झाल्यावर ब्रशने गाळणकागदाच्या दोन्ही बाजूंना लावा, सावलीत वाळवा, पट्ट्या कापून झाकणाच्या बरणीत अंधारात ठेवा. वापरताना पट्टी डिस्टिल्ड पाण्याने ओली करून सावलीत आठ तास टांगा, मग पुन्हा ओली करा. ओझोन जितका जास्त तितका जांभळा रंग गडद.

पट्टीवरून आकडा काढू नका, फक्त त्याच दिवशीच्या दोन जागांची तुलना करा. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत रंग फिका येतो आणि पावसाळ्यात गडद, त्यामुळे दोन महिन्यांच्या पट्ट्या शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. महामार्गालगतची पट्टी बऱ्याचदा शिवारातल्या पट्टीपेक्षा फिकी निघते. ट्रकमधून निघालेला ताजा नायट्रिक ऑक्साइड तिथला ओझोन लगेच खातो, आणि वाऱ्याच्या दिशेला काही किलोमीटर पुढे गेल्यावर तो पुन्हा वाढतो. म्हणून एक पट्टी रस्त्याजवळ, एक गावात आणि एक वाऱ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या शेतात लावा. नायट्रोजन डायऑक्साइडही पट्टीला थोडा रंग देतो, तेव्हा धुराड्याजवळच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका.

वही दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा भरा. गुणांकांत चूक असतेच. म्हशीच्या ५० किलोत १७ किलो इकडे-तिकडे होतात. म्हणून गुणांक दरवर्षी तेच ठेवा आणि फक्त संख्या बदला, म्हणजे दोन वर्षांतला फरक गावातल्या बदलाचा असेल. गुणांक कधी बदललेच, तर आधीच्या सगळ्या वर्षांचा हिशेब नव्या गुणांकाने पुन्हा काढा आणि जुनी पाने तशीच राहू द्या.